बळ्ळारी नाल्याच्या काठचे बेडूक नकाशावर आणा

प्रति,
सन्माननीय महापौर व सर्व नगरसेवक, बेळगाव महानगरपालिका,
महानगरपालिकेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सदस्य,
आयुक्त, बेळगाव नगरविकास प्राधिकरण (बुडा)

सप्रेम नमस्कार.

येळ्ळूरपासून अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव करीत हलग्यापर्यंत बळ्ळारी नाल्याच्या दोन्ही अंगांना जी सखल भातशेती आहे, तिच्यात मोठा पिवळा बेडूक अजून कुठे कुठे वीण घालतो, याची नोंद तुम्ही यंदाच्या पावसात करून घ्यावी आणि ती शहराच्या मास्टर प्लॅनच्या नकाशावर चढवावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मागणी लहान आहे. ती का करते आहे हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल, ती कृपया द्यावी.

मी वडगावच्या शेतकरी घरातली. शाळेत विज्ञान शिकवते आणि हंगामात शेतात असते. त्यामुळे पुस्तकातला बेडूक आणि बांधावरचा बेडूक हे दोन्ही माझ्या रोजच्या बोलण्यातले विषय आहेत.

हा बेडूक तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. मिरगाचा जोराचा पाऊस झाला, शेतात वीतभर पाणी साचले की रात्रभर जो घोगरा, भरदार आवाज उठतो तो याचाच. पुस्तकात त्याला भारतीय बैलबेडूक म्हणतात. शास्त्रीय नाव हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस. वाढलेला बेडूक 17 सेंटीमीटरपर्यंत भरतो, म्हणजे आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या बेडकांपैकी तो एक. एरवी मातकट हिरवा, अंगावर गडद डाग, पाठीच्या मधोमध बहुधा एक फिकट रेघ. विणीच्या मोजक्या दिवसांत मात्र नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. भर दुपारीसुद्धा पाण्यात दहा-वीस पिवळे ठिपके हलताना लांबून दिसतात. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला पुन्हा वर्णन करून सांगावे लागत नाही.

या बेडकाचे वर्ष आमच्या भाताच्या वर्षाशी कसे जुळलेले आहे ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. मसूर, वाटाणा निघाला, जमीन तापली की तो दिसेनासा होतो. तेव्हा तो बांधाच्या पोटात, नाल्याकाठच्या मऊ मातीत, जुन्या विहिरीच्या ओल्या कपारीत जाऊन बसलेला असतो. वरून कुळव फिरतो, गुरे चरतात, मुले क्रिकेट खेळतात, आणि खाली तो अन्नपाण्यावाचून महिने काढतो. मेअखेर, जूनच्या सुरुवातीला आमची धूळवाफ पेरणी होते. मग मोठा पाऊस येतो, बांध भरतात आणि एखाद्या रात्रीत नर पाण्यात उतरतात. मादी उथळ, नव्याने साचलेल्या पाण्यात काही हजार अंडी घालते. पाणी नवे असण्याला फार महत्त्व आहे. कायमच्या तळ्यात मासे असतात आणि ते अंडी व बेडूकमासे खाऊन टाकतात. शेतात नुकत्याच साचलेल्या पाण्यात मासे नसतात, ऊन लागून ते कोमट होते, त्यात शेवाळ आणि किडे भराभर वाढतात. याचे बेडूकमासे मांसाहारी असतात. दुसऱ्या जातींच्या बेडकांची पिले खातात, वेळ आली तर आपलीच भावंडेही. महिना-दीड महिन्यात शेपूट जाते, पाय येतात. तोवर रोपलागण होऊन भात उभे राहिलेले असते. भाताच्या सावलीत टोळ, भुंगेरे, लहान खेकडे, कधी उंदराचे पिल्लू असे जे तोंडात मावेल ते खात हा बेडूक दिवाळीपर्यंत राहतो. कापणी झाली, पाणी ओसरले की तो नाल्याकडे, विहिरीकडे सरकतो आणि ओल संपत आली की पुन्हा मातीत जातो.

म्हणजे त्याला एकाच वर्षात चार ठिकाणे लागतात: विणीसाठी मासे नसलेले उथळ पाणी, वाढण्यासाठी उभे पीक, पाऊस संपल्यावर आसऱ्याला ओलसर काठ आणि उन्हाळ्यासाठी न थापलेली, न दाबलेली माती. आणि ही चारही ठिकाणे उड्या मारत पोहोचता येतील इतकी जवळ हवीत. यांतले एक काढून घेतले, किंवा दोन ठिकाणांच्या मध्ये भिंत उभी केली, तर उरलेली तीन कितीही चांगली असली तरी त्याच्या उपयोगाची नाहीत. आपल्या खोऱ्यात नेमके हेच चालू आहे. नाला आहे, काही शेते आहेत, तळीही आहेत. त्यांना जोडणारी जमीन तुकड्या-तुकड्याने जाते आहे.

हे कसे घडते ते आमच्या शिवारात उभे राहून दिसते. नाल्यापासून थोडे वरच्या अंगाला एक-दोन एकर शेत विकले जाते. तिथे लाल मुरुमाचा भराव पडतो, शेजारच्या शेतापेक्षा जमीन पुरुषभर उंच होते, कडेने दगडी कुंपण येते, सिमेंटची गटार येते. नाल्याला कोणी हात लावलेला नसतो. कागदावर पाण्याची जागा शाबूत असते. पण ज्या बांधांच्या पोटात बेडूक उन्हाळा काढत होते ते बांध त्या भरावाखाली गेलेले असतात. पुढच्या मिरगात खालच्या शेतात पाणी साचते आणि तिथे आवाज येत नाही. शेजारच्या शेतकऱ्याला हे पहिल्या वर्षीच कळते. शहराला ते कधीच कळत नाही, कारण शहराकडे अशी कोणतीच नोंद नाही जिच्यात हा बदल उमटेल.

कायदाही इथे मदतीला येत नाही. केंद्र सरकारच्या 2017 सालच्या पाणथळ जागांच्या नियमांत पाणथळ जागेची जी व्याख्या आहे, तिच्यातून नदीपात्रे आणि भातशेती स्पष्ट शब्दांत वगळलेली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशयही वगळलेले आहेत. शेतकऱ्याच्या रोजच्या कामावर बंधने येऊ नयेत म्हणून भातशेती वगळणे मला समजते आणि पटतेही. पण परिणाम असा होतो की पिवळा बेडूक ज्या दोन जागांत जगतो, म्हणजे नाल्याचा काठ आणि भाताचे शेत, त्या दोन्ही पाणथळ संरक्षणाच्या बाहेर पडतात. ते शेत बिगरशेती झाले की शेतीचे नियमही सुटतात. म्हणून या बेडकाचे काय होणार हे ठरवण्याची जागा दिल्लीत किंवा बंगळूरला नाही. ते तुमच्या टेबलावर, लेआऊटच्या मंजुरीत ठरते.

शहरातल्या तळ्यांविषयीही बोलले पाहिजे. तळी वाचवा म्हटले की आपल्याकडे सुशोभीकरण सुरू होते. उभी दगडी भिंत, वर रेलिंग, चालायला फरशी, रात्रभर दिवे. माणसांना फिरायला जागा मिळते, त्याला माझा विरोध नाही. माझ्या आईसारख्या वयस्क बायकांना संध्याकाळी बसायला दुसरी जागा नसते. पण उभ्या भिंतीचे तळे बेडकाच्या पिलासाठी बंद असते. नुकतेच पाय फुटलेले नखाएवढे पिल्लू ती भिंत चढू शकत नाही. त्या तळ्यांत डास मारण्यासाठी गप्पी मासे सोडलेले असतील तर अंडी टिकण्याची आशाही उरत नाही. एका बाजूचा काठ मातीचा, उतरता, गवताळ ठेवला तर खर्च वाढत नाही, उलट कमी होतो. एवढी अट कंत्राटात घालता येईल.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल की हा बेडूक काही नष्ट होत चाललेला नाही, मग एवढा आग्रह कशाला? प्रश्न रास्त आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो सर्वांत कमी धोक्याच्या गटात आहे. पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंत, नेपाळच्या सखल भागापासून दक्षिण भारतापर्यंत तो आढळतो. अंदमानात माणसाने नेऊन सोडल्यावर तो तिथे इतका पसरला की स्थानिक जीवांना त्याचा उपद्रव होऊ लागला. इतका चिवट, इतका खादाड, साचेल त्या उथळ पाण्यात वीण घालणारा हा प्राणी आहे. म्हणूनच तो एखाद्या शिवारातून गप्प झाला तर ते गंभीरपणे घ्यायला हवे. नाजूक जातीचा बेडूक लहानशा बदलानेही जातो. पिवळा बेडूक जातो तेव्हा माती, पाणी आणि जोडरस्ते या तिन्हींत काहीतरी मोठे मोडलेले असते. आणि जात म्हणून तो देशभर आहे याचा वडगावच्या शेताला काय उपयोग? आमच्या शेतातले टोळ आणि बांध पोखरणारे खेकडे पंजाबातला बेडूक खाणार नाही.

ही गोष्ट आपल्या देशाने एकदा किंमत मोजून शिकलेली आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत भारतातून बेडकांचे पाय मोठ्या प्रमाणावर परदेशी जात होते आणि त्यात मुख्य भरणा याच जातीचा होता. मुंबईचे निसर्ग अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी बेडूक शेतातली कीड किती खातात हे मांडत या निर्यातीविरुद्ध सातत्याने लिहिले. 1985 साली ही जात आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि 1987 साली भारताने निर्यात बंद केली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवचही तिला आहे. तरी सीमेपलीकडे गोव्यात दर जूनमध्ये वनखात्याला बेडूक मारू नका, खाऊ नका असे आवाहन करावे लागते. आपल्याकडूनही बॅटऱ्या घेऊन बाहेर पडणारी पोरे आहेत. त्यांना पकडणे पोलिसांचे आणि वनखात्याचे काम आहे. पण खरे सांगायचे तर पोत्यात भरलेल्या बेडकांपेक्षा भरावाखाली गेलेल्या बेडकांची मला जास्त काळजी वाटते. पोत्यातले गेले तरी शेत उरते आणि पुढच्या पावसात उरलेल्यांची वीण होते.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, नाहीतर उद्या कोणी घाईने पाहणी करून अहवाल देईल की नाल्यात बेडूक भरपूर आहेत. सांडपाणी मिसळलेल्या नाल्यात, जलपर्णीच्या पानांवर जो छोटा बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून टुणटुण उड्या मारत जातो, तो वेगळा. तो युफ्लिक्टिस या शास्त्रीय नावाच्या गटातला. घाण पाणी तो बऱ्यापैकी सोसतो आणि वर्षभर दिसतो. घरांच्या न्हाणीत, भिंतीवर चिकटून बसणारा झाडबेडूक वेगळा. अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणारा खरखरीत अंगाचा भेक वेगळा. हे तिघे शहरात टिकून राहतात. पिवळा बेडूक आणि त्याच्यासारखाच उन्हाळ्यात मातीत जाणारा गोलमटोल बिळ्या बेडूक हे दोघे शहरापुढे आधी हार खातात. म्हणून पाहणी जातवार हवी. नुसती बेडकांची संख्या मोजली तर ती आपल्याला फसवील, कारण घाण वाढली की नाल्यातला तो छोटा बेडूक वाढेल आणि बेरीज तीच राहील.

बेळगावात बेडकांचा विषय निघाला की सगळ्यांची नजर पश्चिमेला जाते, कणकुंबी, चोर्ला, भीमगड, कॅसलरॉककडे. ते साहजिक आहे. कॅसलरॉकच्या परिसरातून 1919 साली एक झुडूपबेडूक आणि 2005 साली एक रात्रबेडूक जगाला नव्याने माहीत झाला. 2011 पासून भीमगडला अभयारण्याचा दर्जा आहे. त्या जंगलांसाठी लढणाऱ्यांचे ऋण आपण मानलेच पाहिजे. पण जंगल संपते तिथे बेडूक संपत नाहीत. आपल्याच राज्यातली दोन शहरे पाहा. 2018 साली मंगळूरच्या औद्योगिक भागातून एका चिमुकल्या बेडकाची नवी जात नोंदली गेली आणि तिला त्या शहराचे कोकणी नाव मिळाले, मायक्रोहायला कोडियाल. 2020 साली बंगळूरच्या सीमेवरच्या राजनकुंटे भागातल्या मोकळ्या जमिनीतून बिळ्या बेडकाची एक नवी जात नोंदली गेली, स्फेरोथेका बेंगळुरू. दोन्ही ठिकाणी अभयारण्य नव्हते. कोणीतरी शहराच्या कडेला रात्री थांबून कान दिला, एवढेच. बळ्ळारी नाल्याच्या काठी नवी जात सापडेल असा दावा मी करत नाही. पण जिथे कान दिलाच नाही तिथे काय आहे आणि काय गेले हे सांगणार तरी कोण?

आता तुमच्या कामाशी थेट जोडलेला भाग. पिवळा बेडूक वीण घालतो ती शेते कोणती? पावसाचे पाणी आपोआप येऊन थांबते ती. म्हणजे सगळ्यात सखल. 2019 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात जे झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. बळ्ळारी नाला आणि मार्कंडेय नदी दोन्ही पात्र सोडून पसरल्या, शेते कित्येक दिवस पाण्याखाली राहिली, सखल वस्त्यांत घराघरांत पाणी शिरले. त्यानंतरही जोराच्या पावसात नाल्याकाठची रोपे कुजली आणि दुबार लागण करावी लागली अशी वर्षे आली. बेडूक जिथे ओरडतात ती जागा पाण्याची आहे, हे आमच्या आज्याला कळत होते आणि त्याने घर तिथे बांधले नाही. त्या जागांचा नकाशा तुम्ही केलात तर पुराचे पाणी कुठे थांबते याचा एक जिवंत, फुकट मिळणारा नकाशाही तुमच्या हाती येईल. त्यावर भराव टाकायला परवानगी द्यायची की नाही, हे मग तुम्ही डोळसपणे ठरवाल. आज तीच परवानगी सात-बाराच्या उताऱ्यावर आणि रस्त्याच्या रुंदीवर मिळते.

हलगा-मच्छे बायपासच्या प्रश्नावर आमचे शेतकरी वर्षानुवर्षे न्यायालयात आणि रस्त्यावर लढत आले आहेत. सुपीक जमीन जाते, पाण्याचा निचरा अडतो, हे त्यांचे म्हणणे आहे आणि मी त्यांच्या बाजूची आहे. त्या वादाचा निकाल काहीही लागो, या खोऱ्यात यापुढे जो रस्ता उंच भरावावरून जाईल त्याच्या पोटात पुरेशा मोऱ्या असल्या पाहिजेत. अरुंद पाइप घालून भागत नाही. तळाला माती राहील अशी रुंद चौकोनी मोरी हवी, म्हणजे पाणी जाईल, बेडूक जाईल, मुंगूस जाईल आणि पलीकडे शेत असलेल्या शेतकऱ्यालाही चालत जाता येईल. पहिल्या पावसाच्या रात्री येळ्ळूर रस्त्यावरून दुचाकीने येणाऱ्याला विचारा, किती बेडूक चाकाखाली येतात ते. अंडी घालायला निघालेली मादी रस्त्यावर मेली की तिच्यासोबत तिची हजारो अंडी जातात.

नाल्याचा गाळ काढण्याविषयीही एक विनंती. गाळ काढा, जलपर्णी काढा, सांडपाणी थांबवा, या मागण्या शेतकऱ्यांच्या आहेत आणि त्या पूर्ण व्हायलाच हव्यात. पण काम उन्हाळ्यात जेसीबी लावून होते आणि यंत्राचा हात पात्राबरोबर दोन्ही काठही तासून काढतो. त्याच काठांत त्या वेळी बेडूक झोपलेले असतात. एका वर्षी एका काठाला हात लावू नये, पात्रातला गाळ निघाला की थांबावे आणि काढलेला गाळ बांधांवर पसरायला शेतकऱ्यांना द्यावा. कंत्राटदाराला हे लेखी सांगितले तर होऊ शकते. दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत बांधून नाल्याची गटार करण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्यावा, ही कळकळीची विनंती. भिंतीत कोंडलेले पाणी वरच्या गल्लीतून लवकर जाते आणि खालच्या गावात जास्त जोराने पोहोचते. हलग्याच्या आणि बसवण कुडचीच्या शेतकऱ्यांनी तुमचे काय बिघडवले आहे?

माझ्या शेतकरी बांधवांनाही याच पत्रात दोन शब्द. बांध पेटवणे आणि बांधावर तणनाशक मारणे आपण आता सवयीने करू लागलो आहोत. बेडकाची कातडी ओली आणि सच्छिद्र असते. पाणी आणि हवा तो कातडीतून घेतो, आणि औषधही तसेच आत जाते. विळ्याने बांध साफ करायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे मला घरातूनच माहीत आहे. निदान मिरगाच्या तोंडाला, बेडूक पाण्यात उतरण्याच्या त्या आठ-पंधरा दिवसांत तरी नाल्याकडच्या बांधावर फवारणी टाळू या. ज्यांची बासमती आणि इंद्रायणी बेळगावचे नाव घेऊन विकली जाते, त्यांच्या शेताला याने कमीपणा येणार नाही.

पाहणी कशी करायची याची वाट कायद्यात तयार आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे आणि तिने लोकांच्या मदतीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय हरित लवादाने या कामाला 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली होती आणि दिरंगाई करणाऱ्या राज्यांना दरमहा दंडाची तंबी दिली होती. मुदतीच्या धाकाने देशभर पुष्कळ नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या. कार्यालयात बसून तयार केलेल्या यादीत वड, पिंपळ, कडुनिंब असतो. मिरगाच्या रात्री कोणत्या शेतात काय ओरडते ते नसते. ती नोंदवही कधीच बंद होत नाही, दरवर्षी भर घालता येते. म्हणून समितीने नवी योजना काढण्याची गरज नाही. आहे त्या नोंदवहीत एक प्रकरण वाढवायचे आहे.

यासाठी मोठा खर्च नाही. पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री ठरलेल्या वाटांवरून चालायचे, ठरलेल्या जागी थोडा वेळ थांबायचे, आवाज ऐकायचा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करायचे, जागेची खूण नकाशावर टाकायची. पिवळ्या बेडकाचा आवाज ओळखायला शिक्षण लागत नाही. बाकीच्या जातींसाठी टिळकवाडीतल्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे शिक्षक आणि राणी चन्नम्मा विद्यापीठातले अभ्यासक आहेत. आवाजाच्या आणि छायाचित्रांच्या नोंदी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलसारख्या खुल्या ठिकाणी चढवल्या तर बाहेरचे तज्ज्ञही ओळख पटवून देतात. पुन्हा ऑगस्टमध्ये बेडूकमासे आणि पिलांसाठी, आणि नोव्हेंबरात काठांची स्थिती पाहण्यासाठी त्याच वाटांनी जायचे. एका वर्षाने नकाशा पुरा होणार नाही. कमी पावसाचे एक आणि जास्त पावसाचे एक अशी दोन वर्षे तरी पाहायला हवीत. पण पहिल्या वर्षीचा कच्चा नकाशाही लेआऊटच्या फायलीला जोडण्याइतका कामाचा असेल.

त्यात म्हाताऱ्या शेतकऱ्यांचे म्हणणे अवश्य लिहून घ्या. पूर्वी कुठे कुठे आवाज यायचा, तो कधी बंद झाला, त्याआधी त्या शिवारात काय बदलले, हे त्यांना सर्व्हे नंबरनिशी आठवते. असा मागचा हिशेब कोणत्याही उपग्रहाच्या छायाचित्रातून मिळणार नाही आणि ही माणसे आता थकत चालली आहेत. ते मराठीत बोलतील, काही कन्नडमध्ये बोलतील. पूर्वेकडच्या गावांत दोन्ही एका वाक्यात येतील. नोंद दोन्ही भाषांत करा आणि दोन्ही भाषांत वाचून दाखवा. ज्याने माहिती दिली त्यालाच ती वाचता आली नाही तर ती चूक आहे की बरोबर हे तपासणार कोण? भाषेच्या वादावर या शहराची पुष्कळ शक्ती खर्च झाली आहे. या कामात तो वाद आणू नका, एवढेच मागते.

मास्टर प्लॅनच्या फेरआढाव्याच्या वेळी हरकती आणि सूचना मागवल्या जातात. त्या वेळी आम्ही बेडकांच्या जागा घेऊन आलो तर आमच्या हातात तुमच्याच समितीचा शिक्का असलेला कागद असावा, नाहीतर शिक्षिकेची हौस म्हणून तो बाजूला ठेवला जाईल. नोंदलेल्या विणीच्या शेतांवर आणि त्यांना नाल्याशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर भराव टाकायला बंदी, एवढी एकच अट नकाशावर यावी. तिथे शेती चालू राहावी. जमिनीचा मालक शेतकरीच राहावा, त्याने भात लावावे, मसूर पेरावा, विहीर उपसावी. आणि त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला जमीन प्लॉट म्हणून विकता येणार नसेल, तर त्याचे नुकसान शहराने वाटून घ्यायला हवे. विकासहक्क हस्तांतरणाची, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क देण्याची, तरतूद रस्त्याच्या रुंदीकरणासाठी वापरता येते, तर पाणी थांबवणाऱ्या शेतासाठी का वापरता येऊ नये याचा विचार बुडाच्या अधिकाऱ्यांनी करावा. हा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकून बेडूक वाचवा म्हणणे मला मान्य नाही.

तेव्हा मे संपण्यापूर्वी समितीची एक बैठक वडगाव किंवा येळ्ळूर भागात, शेतकऱ्यांना येता येईल अशा संध्याकाळच्या वेळी घ्यावी. पाहणीच्या वाटा तिथेच ठरवू. पाऊस कोणत्या रात्री पडेल हे कोणाच्या हातात नाही, म्हणून तारीख मागत नाही. एका जबाबदार कर्मचाऱ्याची नेमणूक करा, ज्याला पाऊस पडल्या रात्री आम्ही फोन करू शकू. वाटा दाखवायला आणि बांधावरून नीट न्यायला आमच्या गल्लीतली माणसे येतील, त्यांची तयारी मी करून ठेवली आहे. बैठक होणार की नाही, आणि होणार नसेल तर का नाही, हे कृपया लेखी कळवावे.

आपली,
वडगाव शिवारातील एक शेतकरी शिक्षिका